पुंजाराम झोपला नव्हता

पुंजाराम गायके गेले तेव्हा त्यांचे डोळे टक्क उघडे होते. बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या आपल्या पिठाच्या गिरणीत, स्टुलावर, भिंतीला पाठ लावून बसलेले. दळण न्यायला आलेला एक बिहारी कामगार समोर उभा राहून विचारत होता, "चाचा, हमारा आटा हो गया?" चाचा नुसते बघत. "नहीं हुआ? बाद में आऊँ?" तरी चाचा बघतच. "अरे, गुस्सा काहे करते हैं," असं पुटपुटत तो बिचारा निघाला आणि बाहेर सांगत सुटला की आज बुड्ढा फार तापलाय.

गोजराबाईला कळलं ते चहा घेऊन आल्यावर. रोज कप हातात पडला की पुंजाराम म्हणायचे, "एवढासा? नवऱ्याला देतीस का चिमणीला?" आणि ती म्हणायची, "चिमणी तरी गोड बोलती." लग्न झाल्यापासून हा पाठ कधी चुकला नव्हता. त्या दिवशी तिनं कप पुढं धरला आणि समोरून काहीच आलं नाही. ती थांबली. मग कप खाली ठेवला, मोटर बंद केली आणि त्यांच्या भुवयांवरचं पीठ पदरानं पुसलं.

मुलगा रूपेश रिक्षा तशीच रस्त्यात टाकून धावत आला. बापाचे डोळे मिटायला त्यानं हात पुढे केला तशी गोजराबाई म्हणाली, "राहू दे रं. उघडेच बरे."

अंगणात माणसं जमली. आणि प्रदीपशेठ आले. कुंभवलीत कुणी गेलं आणि प्रदीपशेठ आले नाहीत असं होत नाही. मयताला जायचे पांढरे कपडे त्यांच्या गाडीच्या डिकीत कडक इस्त्री करून ठेवलेले असतात म्हणे. शेठनी देहाला हात जोडले. डोळे मिटून असा सुस्कारा सोडला की दोन आळ्यांना ऐकू गेला. मग शेजारच्या माणसाच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "झोप्या झोपला एकदाचा."

हळूच म्हणजे शेठच्या हिशेबानं हळूच. माईकवर घासलेला गळा तो. त्यांचं कुजबुजणं बोईसर स्टेशनात गाडीची घोषणा म्हणून खपेल. उशाशी बसलेल्या गोजराबाईनं ते शब्द जसेच्या तसे ऐकले. तिचं रडणं तिथल्या तिथं थांबलं.

"अगं बाई, धक्का बसला तिला. रडवा कुणीतरी!" बायका म्हणू लागल्या.

धक्काबिक्का काही नव्हता. ती विचार करत होती.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. पुंजाराम वैजापूरकडचे. कोरडवाहू शेतात भावाभावांचंच भागेना, म्हणून मामाच्या ओळखीनं बोईसरला आले आणि तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात चिकटले. कारखान्याचं नाव आता सांगण्यात अर्थ नाही. पाटी तीनदा बदलली. उंच, हडकुळे, बोलायला आखडू, कामाला वाघ. गोजराबाईच्या माहेरी सगळे माळकरी. कुंभवलीत आल्यावर पहिले काही महिने ती नाकाला पदर लावून फिरायची, एकीकडून कारखान्यांचा वास आणि दुसरीकडून बोंबलाचा. पुंजाराम बाहेर बोंबील खाऊन यायचे आणि चूळ भरून साळसूदपणे बसायचे. एके दिवशी ती म्हणाली, "एकटे एकटे खाता ते काय हाये, मला बी दाखवा." त्यांनी पानात बांधून एक तुकडा आणला. तिनं खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या आईला कळलं तर तुमचा जीव घेईन." त्या घरातलं प्रेम हे असलं.

कारखान्यात पाळीवर वरचा माणूस होता प्रदीप. तेव्हा शेठ नव्हता, नुसता प्रदीप. इथलाच, गोरापान, केसाला तेल, तोंडात साखर. दुपारच्या पाळीला जेवण झालं की हा गोदामात गोण्यांवर आडवा व्हायचा, तोंडावर रुमाल टाकून. "पुंजाभाऊ, जरा लक्ष ठेवा हां, मी पाठ टेकतो." ती पाठ चहापर्यंत टेकलेली असायची.

एका दुपारी मोठ्या भांड्यातलं रसायन तापत गेलं. पुंजारामांनी जाऊन प्रदीपला हलवलं. "उठा, साहेब, काटा वर चाललाय." प्रदीप म्हणाला, "हूं," आणि कुशीवर वळला. दुसऱ्यांदा उठवायला वेळच उरला नाही. वाफ फुटली. पुंजारामांनी नाकाला ओला गमछा बांधून आत उडी घेतली, चाक फिरवून रसायनाची वाट बंद केली, घंटा वाजवली आणि बाहेर येऊन ओकले. माणूस कुणी दगावलं नाही. माल मात्र सगळा वाया गेला आणि पुंजारामांच्या छातीत जो खोकला शिरला तो शेवटपर्यंत भाडं न देता राहिला.

चौकशी लागली. त्या संध्याकाळी प्रदीप घरी आला आणि त्यानं पुंजारामांचे पाय धरले. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. "पुंजाभाऊ, तुम्ही फक्त गप्प रहा. मी सांगतो तुमचा डोळा लागला. साहेब चार दिवस घरी बसवतील, मग मीच तुम्हाला आत घेतो. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

आणि पुंजाराम गप्प बसले. चूक झाली ती इथं. त्यांच्या गावाकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. इकडंही नसेल, असं त्यांना वाटलं. चार दिवसांसाठी घरी बसवलेला माणूस कायमचा बाहेर पडला. प्रदीप वर चढला. पुढं त्यानं कामगार पुरवायचा ठेका घेतला, गाडी घेतली, बोर्डावर चेहरा आला आणि प्रदीपचा शेठ झाला. तोवर टपरीवर हाच किस्सा तो रंगवून सांगायला लागला होता. "इकडं टाकी फुटतेय आणि आमचा पुंजा घोरतोय! मी म्हटलं, उठ बाबा, स्वर्गात पोचलास की झोप!" टपरीवर हशा. तिथून 'झोप्या' हे नाव पुंजारामांच्या मागं लागलं.

त्यांनी घरात सांगितलं ते फक्त गोजराबाईला, आणि लगेच शपथ घातली. "शब्द दिलाय मी. माझ्या जिवात जीव हाये तोवर हे तुझ्या तोंडून निघता कामा नये."

ती भांडली, जेवायची थांबली, भांडी आपटली. शेवटी शपथ घेतली.

मग दागिने विकून गिरणी टाकली. तिथं मुलखामुलखाची माणसं दळणं घेऊन यायची आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. "चाचा, सत्तू अलग से पीसना." "भाई, आ बाजरी झीणी करजो." "पुंजाभाऊ, कळणाचं दळण हाये, ज्वारी-उडदाचं, त्यात कोणाचा गहू घुसवू नका." पुंजाराम सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "हूं." पण मासवणहून लाडकी नावाची बाई नाचणी घेऊन आली की तिचा डबा रांग मोडून पुढं जायचा. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तिची गाडी जाईल. तुझं घर पळून जाणार हाये का?"

'झोप्या' नाव पडलं त्या दिवसापासून पुंजाराम दुपारचे कधी आडवे झाले नाहीत. तापानं फणफणले तरी स्टुलावर बसून. डॉक्टर म्हणाले, आराम करा. ते म्हणाले, बसून करतो. कुणाला लवलेली पापणी दिसू नये म्हणून माणूस आयुष्यभर ताठ बसला. गोजराबाईला ते बघवायचं नाही. ती म्हणायची, "आत या, दार लावते, घडीभर पडा. कोण बघतंय?" ते म्हणायचे, "मी बघतोय ना."

नात झाली, अपेक्षा. तिला गिरणीच्या घरघरीशिवाय झोप येईना. पुंजाराम पोरीसाठी रिकामी गिरणी चालू ठेवायचे. रूपेश ओरडायचा, "दादा, वीज फुकट जाते!" ते म्हणायचे, "जाऊ दे. या घरात कुणीतरी झोपावं." पुढं तिला गुणाकार-भागाकार त्यांनी दळणाच्या डब्यांवर शिकवले, आणि तिच्या वेणीत रोज पीठ सापडायचं.

गेल्या वर्षी तीच पोर शाळेतून मान खाली घालून आली. नवीन बाईंनी वर्गात विचारलं होतं, "तू त्या झोप्या गिरणीवाल्याची नात ना?" बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना ते आडनावच वाटलं होतं. पुंजारामांनी ऐकलं. मोटर चालू केली आणि डब्यात काही नसताना बराच वेळ दळत बसले.

तेव्हाच गोजराबाईनं मनात गाठ मारली होती. पण शपथ आडवी होती. जिवात जीव हाये तोवर, असं म्हणाले होते. आणि आता अंगणात, उघड्या डोळ्यांच्या त्या देहाशेजारी बसून, तिच्या ध्यानात आलं की ती शपथ आजच सुटली. सुटायला नको होती. सुटली तर सुटली, मग ती वापरायची.

ज्या तोंडानं नाव ठेवलं, त्याच तोंडानं ते परत घ्यायचं, आणि त्याच माणसांसमोर. याहून कमी काही तिला चालणार नव्हतं.

दहाव्याचा विधी मासवणला सूर्या नदीवर ठरला. प्रदीपशेठचा फोन आला. "वहिनी, मी येतोच. दोन शब्द बोलीन म्हणतो." निवडणूक तोंडावर होती, शेठ दहाव्याला दोन शब्द बोलत सुटले होते, आणि ते दोन शब्द सगळीकडे तेच असायचे.

"या की," गोजराबाई म्हणाली. "तुमच्याशिवाय पिंडाला कावळा तरी शिवंल का?"

शेठना ते फार आवडलं.

मग लाडकी भेटायला आली तेव्हा गोजराबाईनं तिला गिरणीत नेलं, दार ओढलं आणि काय करायचं ते सांगितलं. लाडकीनं तोंडावर हात ठेवला.

"बाय, कावल्यांना मी आदीच चारू? पोट फुटस्तवर? आन् भाऊंचा पिंड तसाच रवल ना!"

"राहू दे थोडा वेळ."

"भाऊ उपाशी रवतील, बाय. पाप लागंल."

"मला लागू दे. वीस वर्षं अपमान गिळलाय त्यांनी, आणखी घडीभर कळ काढतील." आणि लगेच, "मी समजावीन त्यांना."

लाडकीनं नाचणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "सुकट घेऊ का बोंबलाची मुंडकी?"

"दोन्ही घे."

दहाव्याच्या सकाळी मासवणचे कावळे नदीच्या वरच्या अंगाला, खडकांमागं, लाडकी आणि तिच्या जावेसमोर पंगत धरून बसले होते. इकडं घाटावर पिंड मांडले गेले. भात, वर तीळ, शेजारी पुंजारामांच्या आवडीचा बोंबील, तोही गोजराबाईनं हट्टानं ठेवलेला. सगळे मागं सरले. आभाळात घार फिरत होती. कावळा एकही नव्हता.

भटजींना पुढं मनोरला दुसरं कार्य होतं. ते घड्याळ बघून म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. मुलानं बोलावं."

रूपेश पुढं झाला. "दादा, आईला सांभाळीन. गिरणी बंद करणार नाही." काही नाही. सून दीपा म्हणाली, "मामंजी, अपेक्षाला शिकवू." काही नाही. एक चुलतभाऊ वैजापूरहून आला होता, त्यानं बांधाचं भांडण सोडून देतो म्हणून जाहीर केलं आणि लगेच पस्तावला.

ऊन चढलं. माणसं बाभळीच्या सावलीचा वाटा काढू लागली. मधल्या वेळात शोकसभा उरकून घेऊ, असं कुणीतरी सुचवलं आणि प्रदीपशेठ उभे राहिले. त्यांच्या कार्यकर्त्यानं मोबाईल आडवा धरून थेट प्रक्षेपण सुरू केलं.

"आज आपल्यातून," शेठनी गळा साफ केला, "आपल्यातून एक चालतंबोलतं विद्यापीठ हरपलं आहे." हेच विद्यापीठ गेल्या महिन्यात टँकरवाला वारला तेव्हाही हरपलं होतं. "पुंजाभाऊ म्हणजे अजातशत्रू. पुंजाभाऊ म्हणजे हसतमुख." इथं मागं एकजण खोकला, पुंजारामांना हसताना बघितलेला माणूस घाटावर नव्हता. "मी आणि पुंजाभाऊ खांद्याला खांदा लावून राबलो. त्यांच्या मनातलं माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल!"

गोजराबाई याच वाक्याची वाट बघत होती. ती उठली.

"मंग शेठ, तुमीच सांगा त्यांच्या मनात काय राहिलंय. म्हणून तर कावळा शिवंना."

"आं? वहिनी, म्हणजे... त्यांची इच्छा... या गावाचा विकास..."

"विकास नाही. त्या दुपारी टाकी फुटली तव्हा झोपलं कोण होतं, ते."

शेठच्या तोंडावरचं हसू राहिलं पण डोळे निघून गेले.

"वहिनी, हा विषय... असो. आज दुःखाचा प्रसंग आहे."

आणि नेमका त्याच वेळी एक कावळा आला. कुठून कुणास ठाऊक, लाडकीच्या पंगतीला न गेलेला एकटाच. बाभळीवर बसला, मान वाकडी करून बोंबलाकडं बघितलं, खाली उतरला आणि पिंडाकडं टुणटुणत निघाला. "आला, आला!" भटजी सुटकेनं म्हणाले. शेठनी तर हातच जोडले.

गोजराबाई एक पाऊल पुढं झाली. कावळा शिवला की संपलं. शेठ गाडीत बसणार, गावजेवण होणार आणि नाव तसंच राहणार. ती कावळ्याकडं बघून दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, कळवळून म्हणाली,

"अहो! थांबा की जरा!"

कावळा थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि भुर्रकन उडून नदीपार गेला.

बायकांच्या अंगावर काटा आला. "ऐकलं गं त्यांनी!" "तिचं ऐकलं!" पुरुषांनीही टोप्या सारख्या केल्या. गोजराबाईनं स्वतःच नकळत हात जोडले. सुकट चारणं वेगळं. हे तिनं ठरवलं नव्हतं. पण आता माघार नव्हती. ती शेठकडं वळली. "बघितलंत? त्यांनी पाठ फिरवली. सांगा."

"सांगा ना, शेठ," एक म्हातारा म्हणाला. "पित्ताची गोळी घेतलीय मी, जेवायला पाहिजे."

"शेठ, बोलून टाका. माणूस अडकलाय."

"अहो, एवढं काय... त्या वेळी कदाचित समजण्यात काही चूक झाली असेल," शेठ म्हणाले. सगळ्यांनी आभाळाकडं बघितलं. आभाळ रिकामं.

"चूक कुणाची?" गोजराबाई.

"म्हणजे... माझीही असेल."

पुन्हा सगळ्या माना वर. पुन्हा काही नाही. कार्यकर्ता मोबाईल खाली घ्यायला लागला तशी वैजापूरच्या चुलतभावानं त्याचा हात धरून परत वर केला. शेठना घाम फुटला होता. भाषणातली मराठी एकेक करून गळून पडली आणि आतून कुंभवली बाहेर आली.

"मी झोपलेलो! बस? मीच झोपलेलो! पुंजा मला उठवाया आलेला, मी नाय उठलो. तो जागाच होता. टाकी त्यानंच बंद केली. झालं? आता बोलवा तुमचा कावला!"

रूपेशनं आईकडं बघितलं. त्याला हे आजच कळत होतं. अपेक्षानं आजीचा हात घट्ट धरला.

पण कावळे काही आले नाहीत. ते खडकांमागं पोटं फुगवून पडले होते, लाडकीनं हाकलले तरी हलेनात. गोजराबाईनं हे धरलं नव्हतं. घाटावरच्या माणसांनी मात्र आपला अर्थ काढला.

"शेठ, अजून काय राहिलंय का?"

"नाय, आईशपथ!"

"आठवा. नीट आठवा. कावला उगाच नाय अडत."

आणि शेठ आठवायला लागले. गोजराबाईनं त्यांना थांबवलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो, हे निघालं. परत घेण्याबद्दल साहेबाकडं एक शब्दही काढला नव्हता, हे निघालं. कामगारांच्या बुटांचे पैसे उचलले आणि बूट आणलेच नाहीत, हे तर कुणी विचारलंही नव्हतं. गर्दीतले दोघे जुने कामगार "तरीच!" म्हणून उठले. पोरं पलीकडून ओरडली, "झोप्याशेठ!" आणि घाटावर, दहाव्याच्या विधीला, हशा पिकला. मोबाईलवर कुंभवली बघत होती. गोजराबाईनं ते हसणं मन लावून ऐकलं. टपरीवर असंच हसले असतील सगळे.

शेवटी शेठ तिच्यासमोर आले, टोपी हातात. आवाज अगदी खाली गेला होता. पहिल्यांदाच खराखुरा हळू. "वहिनी, माफ केलंत ना?"

"माफ करणारी मी कोण? नोकरी त्यांची गेली, छाती त्यांची गेली. त्यांनाच विचारा, वर भेटाल तव्हा."

"पण तुम्ही तरी..."

"मी नाही करणार," ती म्हणाली. "जा तुम्ही. तुम्हाला अजून एक दहावा असंल."

शेठ गाडीकडं गेले. कुणी पोचवायला गेलं नाही. गोजराबाईनं पिंडाकडं बघितलं. भातावर माशी बसत होती, ती तिनं पदरानं वारली आणि एकदम तिला कढ आला, दहा दिवस अडवून ठेवलेला. ती तिथंच वाळूत बसली.

"भटजी," ती रडत म्हणाली, "दर्भाचा कावळा करा आणि शिववा लवकर. केव्हाचे उपाशी हाये ते."